'जीव' आणि 'आत्मा': मानवी आत्म्याविषयीचे ख्रिस्ती शिक्षण अभ्यासगटात कसे घ्यावे

मराठी अभ्यासगटात मानवी आत्म्याचा विषय निघाला की पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतेच, 'शरीर नाशवंत, आत्मा अमर.' सगळे माना डोलावतात आणि चर्चा तिथेच संपते. त्या वाक्यात काही खरे आहे, पण ते ज्या चित्रासह मनात बसलेले असते ते चित्र पवित्र शास्त्राचे नाही. शास्त्राची आशा देहातून सुटण्याची नाही, देहासह उठवले जाण्याची आहे. हा फरक लोकांच्या मनात रुजवायचा असेल तर 'आत्मा' या शब्दापासून सुरुवात करू नये, 'जीव' या शब्दापासून करावी. खालचा क्रम चार संध्याकाळींसाठी आहे, प्रत्येकी दीड तास. एका बैठकीत सगळे उरकण्याचा मोह टाळा. तिसऱ्या संध्याकाळचे प्रश्न पहिल्या संध्याकाळच्या पायावरच सुटतात.

तयारी

गट आठ ते बारा जणांचा असावा. त्याहून मोठा झाला तर तीनचार जणच बोलतात आणि ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे ते गप्प बसून ऐकतात. खरे प्रश्न तर त्यांच्याकडेच असतात.

प्रत्येकाकडे मराठी पवित्र शास्त्र हवे. शक्यतो दोन वेगवेगळी भाषांतरे टेबलावर असावीत, म्हणजे एकाच मूळ शब्दाला कुठे 'जीव', कुठे 'प्राण', कुठे 'आत्मा' म्हटले आहे ते समोरासमोर दिसते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर मिळाले तर अवश्य आणा. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी ते काम पुरे केले, आणि साध्या मराठीचा त्यांचा आग्रह या विषयात फार उपयोगी पडतो. गटात कॅथोलिक मंडळी असतील तर मक्काबींचे ग्रंथ असलेली कॅथोलिक प्रतही लागेल.

मूळ भाषा येत नसली तरी अडत नाही. १८९० साली छापलेल्या स्ट्राँगच्या शब्दसूचीत शास्त्रातल्या प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक दिला आहे, आणि ते क्रमांक आज मोबाईलवर फुकट मिळतात. पाच क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा. हिब्रूतील नेफेश (जीव) ५३१५, रूआख (वारा, आत्मा) ७३०७ आणि नशामा (श्वास) ५३९७; ग्रीकमधील प्सुखे (जीव) ५५९० आणि न्यूमा (आत्मा) ४१५१. हिब्रू आणि ग्रीक क्रमांक वेगवेगळे मोजलेले आहेत. ४१५१ टाकताना ग्रीक निवडले नाही तर भलताच शब्द समोर येतो आणि अर्धा तास वाया जातो. हे क्रमांक बहुधा इंग्रजी मजकुराला जोडलेले असतात, म्हणून एकाने तो उघडून बसावे आणि बाकीच्यांनी मराठी वाचावे.

पहिली संध्याकाळ: जीव काय काय करतो

नेफेश हा शब्द जुन्या करारात साडेसातशेच्या आसपास वेळा येतो. त्याची व्याख्या आधी सांगू नका. सहा उतारे वाचायला द्या आणि एकच प्रश्न विचारा: इथे नेफेश काय करतो आहे, किंवा त्याला काय होते आहे? उत्तर क्रियापदात लिहायचे.

स्तोत्र ६९:१ मध्ये पाणी नेफेशपर्यंत चढले आहे. इथे अर्थ सरळ गळा. गणना ११:६ मध्ये रानातल्या इस्राएली लोकांचा नेफेश सुकून गेला आहे, कारण रोज तोच मान्ना. स्तोत्र ४२:२ मध्ये तो देवासाठी तहानलेला आहे. लेवीय १७:११ मध्ये तो रक्तात आहे. उत्पत्ती ४६:२६ मध्ये याकोबाबरोबर मिसरात आलेले सहासष्ट नेफेश मोजले आहेत. आणि गणना ६:६ मध्ये, नाजीराने, म्हणजे देवाला खास नवस केलेल्या माणसाने, ज्याच्या जवळ जाऊ नये त्या प्रेतासाठी मेलेला नेफेश असा शब्दप्रयोग आहे.

आता वही बंद करून मराठी आठवायला सांगा. 'प्राण कंठाशी आले.' 'जीव कासावीस झाला.' 'जीव तहानेने व्याकूळ.' 'जीव गेला.' 'घरात खाणारे सात जीव.' 'लेकरावर जीव जडला.' गट आपोआप हसतमुखाने बोलू लागतो, कारण साऱ्या यादीचा अर्थ त्यांच्या तोंडात आधीपासूनच आहे. गळा, श्वास, भूक, ओढ, आयुष्य आणि मोजता येणारे माणूस एवढा पसारा एकाच शब्दात मावतो, आणि मराठी 'जीव' तो जवळजवळ पूर्ण पेलतो. अशी देणगी पुष्कळ भाषांना नाही. ती वापरली पाहिजे. नव्या करारात प्सुखेचेही तसेच: प्रेषितांची कृत्ये २७:३७ मध्ये पौलाच्या जहाजावर २७६ प्सुखे आहेत, म्हणजे २७६ माणसे.

एक खबरदारी. कीर्तनातून आणि वेदान्तातून आलेला 'जीव-शिव' मधला जीव वेगळा. तिथे जीव म्हणजे बद्ध झालेले चैतन्य, ज्याला आपले मूळ ऐक्य ओळखायचे आहे. कोणी तो अर्थ पुढे केला तर वाद घालू नका, फळ्यावर वेगळा रकाना करून तिथे लिहा आणि म्हणा की आज आपण आजीच्या बोलण्यातला जीव घेतो आहोत.

शेवटची पंधरा मिनिटे मार्क ८:३५-३६ ला द्या. जग मिळवून जीव गमावणे या वचनात 'जीव' च्या जागी आधी 'आयुष्य', मग 'आत्मा' आणि मग 'स्वतः' घालून वाचा. तिन्ही अर्थ लागतात आणि एकही एकटा पुरत नाही.

दुसरी संध्याकाळ: माती, श्वास आणि किती भाग

उत्पत्ती २:७ हळू वाचा, दोनदा. देवाने जमिनीच्या मातीचा मनुष्य घडवला, नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला, आणि मनुष्य जीवधारी प्राणी झाला. हिब्रूत शेवटी आहे 'नेफेश हय्या', जिवंत नेफेश. विचारा: मनुष्याला नेफेश मिळाला, की मनुष्य नेफेश झाला? सगळे भांडे इथे फुटते. आपल्या मनातले चित्र घागरीत पाणी ओतल्यासारखे असते: आधी रिकामे शरीर, मग आत घातलेला आत्मा. वचन म्हणते, माती आणि श्वास मिळून माणूस हाच जिवंत जीव झाला.

इथे दोन चुका ठरलेल्या आहेत. पहिली: 'म्हणजे आत्मा देवाचा अंश.' श्वास देवाचा असल्याने हे स्वाभाविक वाटते. पण उत्पत्ती ७:२२ मध्ये जलप्रलयात नाकात जीवनाचा श्वास असलेले सगळे मेले, पशूसुद्धा. श्वास ही देणगी आहे, देवाचा तुटलेला तुकडा नव्हे. आत्मा निर्माण केलेला आहे, निर्माता नाही, यावर प्राचीन चर्चचा आचार्य ऑगस्टीन याने आत्म्याला देवाचा अंश मानणाऱ्या मानी पंथाशी वाद करताना ठाम भूमिका घेतली आणि चर्चने ती कायम ठेवली. दुसरी चूक उलट्या टोकाची: 'नेफेश हय्या' उत्पत्ती १:२४ मध्ये जनावरांनाही म्हटले आहे, तेव्हा माणसात वेगळे काही नाही. त्यावर १:२६-२७ उघडा. माणसाचे वेगळेपण 'नेफेश' या शब्दावर उभे नाही, देवाच्या प्रतिमेवर उभे आहे.

मग येतो जुना प्रश्न, माणसाचे भाग दोन की तीन? १ थेस्सलनीकाकरांस ५:२३ मध्ये आत्मा, जीव आणि शरीर असे तीन शब्द आहेत, आणि इब्री ४:१२ जीव व आत्मा यांना भेदणाऱ्या वचनाविषयी बोलते. अनेक प्रार्थनागटांत यावरून मोठी आकृती काढतात: बाहेरचे वर्तुळ शरीर, मधले जीव, आतले आत्मा. आकृती स्मरणात राहते खरी, पण तिच्यावर फार भार टाकू नये. मार्क १२:३० मध्ये अंतःकरण, जीव, बुद्धी आणि शक्ती असे चार शब्द आहेत. म्हणून आपण चार भागांचे होत नाही. लूक १:४६-४७ मध्ये मरीया म्हणते, माझा जीव प्रभूला थोर मानतो आणि माझा आत्मा देवाठायी उल्लासला आहे. ही हिब्रू काव्याची रीत आहे, एकच गोष्ट दोन ओळींत दोनदा. तिथे जीव एक काम करतो आणि आत्मा दुसरे, असे पाडता येत नाही. पौलही प्रार्थनेत 'सगळाच्या सगळा माणूस' म्हणतो आहे, शरीरशास्त्राचा धडा देत नाही.

ही निव्वळ शब्दांची भांडणे नव्हेत, हे दाखवायला अपोलिनारिसचे उदाहरण घ्या. चौथ्या शतकातल्या या बिशपने शिकवले की ख्रिस्तामध्ये मानवी बुद्धियुक्त आत्म्याच्या जागी देवाचा शब्द, म्हणजे देवपुत्र स्वतः, होता. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने ते नाकारले. नाझियान्झसच्या ग्रेगरीचे म्हणणे होते की जे ख्रिस्ताने धारण केले नाही ते बरेही झाले नाही. म्हणून ४५१ च्या काल्सेदोन परिषदेने येशू बुद्धियुक्त आत्मा आणि शरीर असलेला खरा मानव आहे असे स्पष्ट लिहिले. मत्तय २६:३८ वाचा: गेथशेमानेत त्याचा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे. ही खिन्नता खरी होती. ज्याने एखादी रात्र तशी काढली आहे त्याला हे वचन सांगा आणि थोडा वेळ शांत बसा.

'आत्मा देव प्रत्येक वेळी नवा निर्माण करतो की आईबापांकडून येतो' हा प्रश्न कोणी काढला तर थोडक्यात उत्तर द्या. प्राचीन चर्चच्या आचार्यांपैकी तेर्तुल्लियन दुसऱ्या मताचा, जेरोम पहिल्याचा, ऑगस्टीनने शेवटपर्यंत निकाल दिला नाही. कॅथोलिक शिक्षण स्पष्टपणे पहिल्या बाजूचे आहे. आत्मे आधीपासून कुठेतरी अस्तित्वात होते, हे मत मात्र सहाव्या शतकात ओरिजेनच्या विचारांबरोबर फेटाळले गेले.

तिसरी संध्याकाळ: वस्त्र, तंबू आणि पुनर्जन्म

या संध्याकाळी गटात ताण येतो, कारण इथे शेजारपाजारचा, नात्यागोत्याचा विश्वास समोर उभा राहतो. माणूस जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो तसा आत्मा जुने देह टाकून नवे घेतो, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला दृष्टांत मराठी घरात लहानपणापासून ऐकलेला असतो. त्याचा उपहास करू नका. तो सुंदर आहे आणि लाखो लोकांनी त्याच्या आधाराने दुःख सोसले आहे. फक्त २ करिंथ ५:१-४ त्याच्या शेजारी ठेवा.

पौलही वस्त्राचाच दृष्टांत घेतो, म्हणूनच ही तुलना इतकी उपयोगी. तो आधी देहाला तंबू म्हणतो. तंबू शिवणे हा त्याचा धंदा होता. पण मग म्हणतो, आम्हाला वस्त्र काढून टाकण्याची इच्छा नाही, त्यावर आणखी वस्त्र परिधान करण्याची इच्छा आहे, म्हणजे जे मरणाधीन आहे ते जीवनाने गिळले जावे. पहिल्या दृष्टांतात वस्त्र टाकून दिले जाते. दुसऱ्यात नग्नतेचीच भीती आहे. या एका वाक्यापाशी वीस मिनिटे थांबा. ख्रिस्ती श्रद्धेत देह हे कैदखाने नाही आणि कपडाही नाही; देहाशिवाय माणूस अपुरा आहे. मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस याने करिंथकरांच्या पत्रावर लिहिताना हेच टोकाने मांडले: माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. त्याला म्हणायचे होते की केवळ आत्मा वाचला तर मी वाचलो असे होत नाही. १३१२ च्या व्हिएन परिषदेने आत्मा हे शरीराचे 'रूप' आहे असे म्हटले, ते याच विचारातून. रूप म्हणजे चेहरामोहरा नव्हे; ज्याच्यामुळे हे मांस जिवंत मानवी शरीर ठरते ते.

लगेच १ करिंथ १५:४४ घ्या. मराठी वाचक 'आध्यात्मिक शरीर' वाचून धुक्यासारखे काहीतरी कल्पितो. ग्रीकमध्ये जोडी आहे प्सुखेपासून बनलेले विशेषण आणि न्यूमापासून बनलेले विशेषण. दोन्ही शरीरेच आहेत. 'प्राणमय' शरीर म्हणजे जिवाच्या बळावर चालणारे, 'आध्यात्मिक' म्हणजे देवाच्या आत्म्याच्या बळावर चालणारे. कशाचे बनले आहे हा प्रश्न नाही, कोणाच्या बळावर जगते हा आहे. पौलाचा बियाण्याचा दृष्टांत, १५:३६-३८, शेतकरी कुटुंबातल्या कोणाला समजावून सांगायला सांगा. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप एकच, तरी सारखे नाही.

आता ठरलेला आक्षेप: 'बाप्तिस्मा करणारा योहान हा एलीया होता असे येशूनेच म्हटले. मग हा पुनर्जन्म नाही का?' मत्तय १७:१२-१३ तसे वाचता येते खरे, म्हणून चार वचने क्रमाने उघडा. २ राजे २:११ नुसार एलीया मेलाच नाही. पुनर्जन्माला आधी मरण लागते. लूक १:१७ मध्ये देवदूत म्हणतो की योहान एलीयाच्या आत्म्याने व सामर्थ्याने चालेल. योहान १:२१ मध्ये त्यालाच विचारले, तू एलीया आहेस का, आणि तो नाही म्हणाला. शेवटी मत्तय १४ मध्ये योहानाचा शिरच्छेद झाला आणि १७:३ मध्ये डोंगरावर येशूशी बोलताना दिसतो तो एलीया. दोघे एकच असते तर तिथे योहान दिसायला हवा होता. हा क्रम बदलू नका. शेवटचे वचन आधी सांगितले तर त्याचा जोर जातो.

जन्मांधाचा प्रसंग, योहान ९:१-३, मात्र वेगळ्या कारणासाठी वाचा. शिष्य विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही नाकारतो. अपंग मुलाच्या आईला 'मागच्या जन्मीचे भोग' असे कोणी ना कोणी ऐकवलेले असते, आणि 'तुमच्या पापामुळे' असे म्हणणारे ख्रिस्ती शेजारीही असतात. या वचनाचा उपयोग वाद जिंकायला करू नका, त्या आईसाठी करा.

चौथी संध्याकाळ: मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या मधले

इथे निरनिराळ्या चर्चमध्ये खरा फरक आहे आणि तो झाकला तर गट तुटतो. आधी सगळ्यांना मान्य असलेले लिहा: मरण एकदाच, मग न्याय, इब्री ९:२७, शेवटी देहाचे पुनरुत्थान, आणि मेलेले देवाच्या हातात आहेत. त्यांना जागवायला किंवा बोलवायला जायचे नाही, अनुवाद १८:१०-११.

नंतर मतभेद, प्रत्येक बाजूचा आधार देऊन. कॅथोलिक शिक्षणात मृत्यूबरोबर प्रत्येकाचा वैयक्तिक न्याय होतो, आणि शुद्धीची गरज असलेल्यांसाठी प्रार्थना केली जाते. २ मक्काबी १२ मध्ये यहूदाने मेलेल्यांसाठी प्रायश्चित्ताचे अर्पण पाठवले त्याचा आधार घेतात. म्हणून २ नोव्हेंबरला वसईत आणि गोव्यात कबरींवर फुले आणि मेणबत्त्या दिसतात. ऑर्थोडॉक्स मंडळीही मृतांसाठी प्रार्थना करतात, पण शुद्धिस्थानाची कॅथोलिक मांडणी स्वीकारत नाहीत. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या लूक २३:४३ आणि फिलिप्पै १:२३ वर उभ्या राहून म्हणतात की विश्वासणारा लगेच ख्रिस्ताजवळ जातो. मक्काबींचे ग्रंथ त्या प्रमाण मानत नाहीत, त्यामुळे तिथला आधार त्यांना पटत नाही. सेवन्थ डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी उपदेशक ९:५ कडे आणि येशूने लाजराच्या मरणाला 'झोप' म्हटले त्याकडे बोट दाखवून म्हणतात की पुनरुत्थानापर्यंत मेलेल्याला काही जाणीव नसते. याच मताविरुद्ध प्रोटेस्टंट सुधारक काल्विनने तरुणपणी, १५३४ साली, एक पुस्तिका लिहायला घेतली होती.

सर्वांत जास्त गोंधळ 'अमर' या शब्दाने होतो. १ तीमथ्य ६:१६ म्हणते, अमरत्व एकट्या देवाला आहे. मत्तय १०:२८ म्हणते, माणसे शरीराला मारू शकतात, आत्म्याला नाही, पण देव दोघांचाही नाश करू शकतो. चर्च जेव्हा आत्मा अमर म्हणते, जसे १५१३ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने म्हटले, तेव्हा तो मरणाने संपत नाही एवढे सांगायचे असते. तो अनादि आहे किंवा देवावाचून आपल्याच बळावर टिकतो, असे नाही. 'अजर-अमर, अनादि' ही जोडी मराठीत एका श्वासात येते. ती मुद्दाम तोडून सांगा.

शेवटचा अर्धा तास रोजच्या भाषेला द्या. मृत्यूची बातमी आली की मोबाईलवर आपण काय लिहितो? 'आत्म्यास शांती लाभो' हे ख्रिस्ती माणसाने लिहिण्यात चूक नाही. कॅथोलिक अंत्यविधीतही चिरशांतीची प्रार्थना आहे. 'मृतात्म्यास सद्गती मिळो' मध्ये मात्र 'गती' म्हणजे पुढच्या वाटचालीची कल्पना दडलेली आहे, ती टाळावी. 'प्रभूमध्ये विसावले' किंवा 'पुनरुत्थानाच्या आशेत निरोप देत आहोत' असे लिहावे. 'प्रभूमध्ये निद्रिस्त झाले' हेही शास्त्रातल्या भाषेला धरून आहे; त्यातून अॅडव्हेंटिस्ट मत स्वीकारले असे होत नाही. गटातले लोक ज्या घरी भेटायला जातील त्या घरचे लोक हिंदू असतील तर शब्द सुधारत बसू नये. हात धरावा, नाव घेऊन मेलेल्याविषयी एक चांगली गोष्ट सांगावी.

दहनाचा प्रश्न शहरात हमखास निघतो, कारण कबरस्तानात जागा उरलेली नाही. कॅथोलिक चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे, दफनाला पसंती कायम ठेवून. २०१६ च्या सूचनेनुसार राख विखुरायची नाही, घरच्यांत वाटून घ्यायची नाही आणि साधारणपणे घरी ठेवायचीही नाही. कबरस्तानात किंवा चर्चने नेमलेल्या जागी ठेवायची. कारण तेच, जे पहिल्या संध्याकाळी प्रेतालाही नेफेश म्हटलेले वाचले: ती राख त्या माणसाचीच आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांचे नियम वेगवेगळे आहेत. तेव्हा कुटुंबाने अंत्ययात्रेच्या दिवशी नव्हे, आधीच आपल्या पाळकांना विचारून ठेवावे आणि ते घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवावे.